आंद्रे द जायंट : जपून दाखवलेला महाकाय

अमेरिकी मल्ल हल्क होगन २४ जुलै २०२५ रोजी गेला आणि १९८७ सालची ती चित्रफीत पुन्हा सगळीकडे फिरली. होगन आंद्रेला उचलून आपटतो, स्टेडियम दणाणते. श्रद्धांजली होगनला मिळाली, पण त्या क्षणाचे मोल आंद्रेने आधीची चौदा वर्षे साठवले होते.

आंद्रे रूसिमॉफचा जन्म १९ मे १९४६ रोजी फ्रान्समधील कूलोमिए येथे, शेतकरी कुटुंबात झाला. त्याची पियुषिका ग्रंथी वाढीचे संप्रेरक प्रमाणाबाहेर स्रवत होती. हाडे वाढत्या वयात असताना या स्रावाने उंची वाढते. पुढेही स्राव चालूच राहिला, तर हात, पाय, जबडा रुंदावत जातात, सांधे झिजतात, हृदयावर ताण येतो. आंद्रेच्या वाट्याला दोन्ही आले. जाहिरातीत त्याची उंची ७ फूट ४ इंच आणि वजन ५२० पौंड, म्हणजे सुमारे २३६ किलो, असे. कुस्तीच्या या धंद्यातले आकडे फुगवलेलेच असतात; तरी तो रिंगमध्ये दोरांवरून सहज पाय टाकून येई, हे सगळ्यांना दिसत होते.

असा माणूस रोज दिसू लागला की त्याचे नवल ओसरते. आंद्रे मॉन्ट्रियलमध्ये कुस्त्या खेळत असताना हेच झाले. तोडीस तोड प्रतिस्पर्धी उरले नाहीत आणि गर्दी आटली. १९७३ मध्ये त्याची सूत्रे, पुढे डब्ल्यूडब्ल्यूएफ ही कुस्ती कंपनी चालवणाऱ्या व्हिन्स मॅकमहन यांच्या वडिलांकडे गेली. त्या काळी अमेरिकेतील कुस्ती प्रांतोप्रांतीच्या आयोजकांत वाटलेली होती. थोरल्या मॅकमहननी आंद्रेला या आयोजकांकडे थोड्या थोड्या दिवसांसाठी पाठवायला सुरुवात केली. कुठेही मुक्काम लांबवायचा नाही, गल्ला भरला की पुढचे गाव. जपानचे दौरे वेगळेच. त्याला विजेतेपदाच्या पट्ट्याची गरज नव्हती. तो येणार, एवढ्यावर तिकिटे खपत.

या फिरस्तीचे सर्वांत नेमके चित्र टेरी टॉड यांनी १९८१ मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’मध्ये रेखाटले. टॉड स्वतः पॉवरलिफ्टर आणि ताकदीच्या इतिहासाचे अभ्यासक. आंद्रेबरोबर फिरून त्यांनी लिहिले. त्याच्या अफाट मद्यपानाच्या कथा पुढे याच लेखाने पसरवल्या. विमानाची आसने, हॉटेलचे पलंग, मोटारी, सगळे जग त्याला अपुरे पडत होते. मद्याच्या कथा चवीने सांगणारे ही अडचण सहसा विसरतात.

२९ मार्च १९८७ रोजी पॉन्टियाकच्या सिल्व्हरडोममध्ये ‘रेसलमेनिया ३’ हा कुस्तीचा सोहळा झाला; सुरुवातीची चित्रफीत तिथल्याच होगन-आंद्रे लढतीची. जाहीर झालेली गर्दी ९३,१७३. तो आकडाही वादातच आहे. आंद्रे पंधरा वर्षे अपराजित आहे, त्याला कोणी उचलून आपटलेले नाही, असे प्रेक्षकांना सांगितले गेले. प्रत्यक्षात होगननेच १९८० मध्ये शे स्टेडियमवर त्याला उचलून आपटले होते आणि १९८६ मध्ये जपानात तिथल्याच अँटोनियो इनोकी या मल्लाने त्याला शरण आणले होते. प्रांतांत विखुरलेल्या प्रेक्षकांना हे ठाऊक नव्हते, म्हणून ही थाप पचली.

नुरा कुस्ती म्हणून नाके मुरडणारे एक विसरतात. निकाल ठरलेला असला तरी वजन खरेच होते आणि आंद्रेच्या मर्जीविना त्याला कोणी उचलू शकत नव्हते. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर आधाराचा पट्टा बांधून तो उतरला होता आणि आपली साठवलेली पुण्याई त्याने होगनच्या नावावर केली. त्याच वर्षी आलेल्या ‘द प्रिन्सेस ब्राइड’ या चित्रपटातला त्याचा फेझिक लोकांना आवडला, त्यात नायिकेला झेलायला मात्र तारांचा आधार घ्यावा लागला होता.

वडिलांच्या अंत्यविधीसाठी पॅरिसला गेला असताना २८ जानेवारी १९९३ रोजी, ४६ व्या वर्षी, तो हॉटेलात झोपेतच गेला. त्याच वर्षी सुरू झालेल्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या हॉल ऑफ फेममध्ये पहिला मान त्याचा.

पुढे बिग शो नावाचा मल्ल आला, भारताचा खली आला. खलीने तर २००७ मध्ये विश्वविजेतेपदाचा पट्टाही जिंकला. दोघेही आठवड्याच्या आठवड्याला टीव्हीवर दिसत आणि हरत राहिले. देह त्यांचेही महाकाय होते. त्यांना जपून दाखवणारा धंदा तेवढा उरला नव्हता.