पाण्यात उभं, तरी तहानलेलं भात

तळा तालुक्यात कुड्याच्या लेण्यांपुढे उभं राहिलं की खाली राजपुरीची खाडी दिसते. कोकणात अशा खाड्यांच्या काठी बांध घालून, भरतीचं पाणी थोपवून कसलेली शेती म्हणजे खारजमीन. उधाणाला बांधाला खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं आणि बघता बघता हिरवं भात माना टाकतं. मुळं पाण्यात बुडालेली, रोप मात्र तहानलेलं!

याचं उत्तर कोशिंबिरीत आहे. चिरलेल्या काकडीला मीठ लावून ठेवलं की तिला पाणी सुटतं. पेशीचं पटल पाण्याला वाट देतं, मिठाला सहजी देत नाही. मग पाणी कमी क्षाराच्या बाजूकडून जास्त क्षाराच्या बाजूकडे जातं. हेच परासरण. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, मुळाच्या पेशीत त्याहून बरेच कमी. म्हणून पाणी आत येण्याऐवजी बाहेर ओढलं जातं. पेशीतला रस आक्रसतो, पटल बाहेरच्या पेशीभित्तिकेपासून सुटतं. याला रससंकोच म्हणतात. पुढे आत शिरलेलं सोडियम विषासारखं बाधतं, ते वेगळंच.

गोड्या पाण्यात उलटं घडतं. पाणी पेशीत शिरतं, पेशी फुगते. पण भक्कम भित्तिका तिला फुटू देत नाही. त्या ताठपणावरच रोप उभं राहतं. आपल्या तांबड्या रक्तपेशींना मात्र भित्तिका नाही. शुद्ध पाण्यात त्या फुगून फुटतात, रक्ताहून खाऱ्या पाण्यात सुरकुततात. म्हणूनच सलाइनच्या बाटलीत लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं: रक्ताशी जुळणारं, समपरासारी.

खाडीतल्या तिवराला हे गणित साधलं आहे. त्याची मुळं बरंचसं मीठ बाहेरच अडवतात. आत आलेलं तो पानांतून बाहेर टाकतो. पान चाटून पाहा, खारट लागेल. भाताला एवढं जमत नाही. पण पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानं खारेपणा सोसणारे ‘पनवेल-१’सारखे वाण दिले आहेत.

तरी वाणालाही मर्यादा असतेच. खारवलेलं शेत धुऊन काढतो तो पाऊस. ओहोटीला बांधातल्या दारातून, म्हणजे उघाडीतून, ते पाणी खाडीत सोडायचं आणि भरतीला उघाडी बंद. बांध फुटका असेल तर ही सगळी मेहनत एका उधाणात वाया जाते. म्हणून बांधाची डागडुजी पावसाआधीच उरकायला हवी.