क्रुसाची वाट : चौदा थांब्यांची सामूहिक प्रार्थना

कधी? राखेच्या बुधवारी सुरू होणाऱ्या उपवासकाळात, विशेषतः शुक्रवारी आणि गुड फ्रायडेला. रविवार वगळता ईस्टरपूर्वीचे हे ४० दिवस.

थांबे कोणते? एकूण १४. पहिल्यावर रोमन सुभेदार पिलात येशूला मृत्युदंड सुनावतो, बाराव्यावर येशू क्रुसावर प्राण सोडतो, चौदाव्यावर त्याला कबरीत ठेवतात. येशूचे तीनदा पडणे आणि व्हेरोनिकाने त्याचा चेहरा पुसणे शुभवर्तमानांत नाही; भाविकांच्या परंपरेने ते जपले.

उगम : येशू जिथे क्रूस घेऊन चालला, त्या जेरुसलेमची यात्रा. तिथे पोचू न शकणाऱ्यांसाठी फ्रान्सिस्कन संन्याशांनी ही वाट गावोगावच्या चर्चमध्ये आणली. पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ मध्ये थांब्यांची संख्या १४ ठरवून दिली.

एकत्र कशी करतात? प्रत्येक थांब्याचे नाव पुकारताच सारे गुडघे टेकतात. मग वाचन, क्षणभर मौन, प्रार्थना आणि गीताचे एक कडवे म्हणत पुढचा थांबा. गर्दी असेल तर क्रूस धरणारे मोजकेच चालतात. बाकीचे जागेवरूनच त्या दिशेला वळतात.

आजही : जेरुसलेमच्या विया दोलोरोसा या रस्त्यावरून दर शुक्रवारी फ्रान्सिस्कन ही वाट चालतात. रोममध्ये गुड फ्रायडेच्या रात्री ती कोलोसियमपाशी होते. वसईतल्या चर्चमध्ये ती मराठीतून होते.

का सगळ्यांनी मिळून? थकलेल्या येशूचा क्रूस कुरेनेच्या शिमोनाने उचलला, हा पाचवा थांबा. शेजाऱ्याच्या ओझ्याला हात लावायची शिकवण तिथेच मिळते.