मोडेम काय बोलत होता?

टेलिफोनची यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी उभारलेली. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढीच तिची पट्टी. त्या चिंचोळ्या वाटेनं इंटरनेट घरात यायचं, याचं मला आजही नवल वाटतं. आणि लिनक्सवर हे फोन लावून जोडायचं डायल-अप अडलं की त्या नवलाचा एकेक पदर उलगडत जायचा.

फोन लागल्यावरची ती किंकाळी आठवून पाहा. संगणकाचा डेटा आवाजात बदलणारं यंत्र म्हणजे मोडेम; पलीकडचा मोडेम आधी २१०० हर्ट्‌झचा सूर लावतो आणि दर ४५० मिलिसेकंदांनी त्याची लहर उलटी करतो. हा निरोप एक्स्चेंजमधल्या यंत्रांना असतो: प्रतिध्वनी पुसणं थांबवा, इथं माणसं बोलत नाहीयेत. मग दोन्ही मोडेम लाइनवरची खरखर जोखतात आणि झेपेल तो वेग ठरवतात. १९९८च्या व्ही-९० मानकानं सेकंदाला ५६ किलोबिटची कमाल मर्यादा दिली, पण लाइन खराब असेल तर निम्म्यावरही भागवावं लागे. अशा वेळी लिनक्समध्ये काही शोधण्याआधी भिंतीवरचा जोड आणि त्याच लाइनवरचा दुसरा फोन बघायचा.

मोडेम अजिबातच बोलला नाही, तर तो बहुधा ‘विनमोडेम’ असायचा. सिग्नलचं गणित करणारी चिप त्या कार्डावर नसायचीच. ते काम विंडोजच्या ड्रायव्हरवर सोपवलेलं. लिनक्सचा ड्रायव्हर मिळेपर्यंत ते कार्ड मुकं.

मला सगळ्यात आवडतो तो पुढचा टप्पा. मोडेमशी थेट बोलू देणारा ‘मिनीकॉम’ हा प्रोग्राम उघडून हातानं डायल करायचं, नाव आणि पासवर्ड द्यायचा, की पडद्यावर नागमोडी रेघा, महिरपी कंस आणि भलतीसलती अक्षरं उमटायची. सगळं बिघडलं असं वाटावं, तर तीच यशाची खूण! त्या नागमोडी चिन्हाचा क्रमांक १२६, आणि अशा जोडणीवरची डेटाची देवाणघेवाण ठरवणाऱ्या ‘पीपीपी’ या नियमावलीत डेटाच्या प्रत्येक चौकटीची सीमा हाच बाइट आखतो. म्हणजे पलीकडच्या सर्व्हरनं बोलणी सुरू केलेली असत.

या बोलण्यांत दोन्ही बाजू एकेक यादृच्छिक ‘मॅजिक नंबर’ पाठवतात. आपलाच आकडा परत आला, तर समोर कुणी नाही, दरीत हाक मारल्यासारखा आपलाच आवाज ऐकू येतोय. मग पीपीपी चालवणाऱ्या ‘पीपीपीडी’ या प्रोग्रामच्या लॉगमध्ये ‘लूप्ड बॅक’ अशी नोंद पडे. कारण बहुतेकदा साधं असे: सर्व्हर अजून लॉगिनपाशीच थांबलेला आणि आलेलं प्रत्येक अक्षर तसंच परत पाठवणारा. डायल करणारी ‘चॅट’ स्क्रिप्ट सुधारली की काम झालं. एका यादृच्छिक आकड्यानं समोर कुणी आहे की नाही हे ओळखायचं, ही युक्ती मला फार देखणी वाटते.

आणि कनेक्शन लागूनही एकही पान उघडत नसे तेव्हा? ‘पीपीपीडी’चा लॉग तेही सांगायचा. नेटवर्क कार्डानं बाहेरचा मुख्य मार्ग आधीच स्वतःकडे घेतलेला असे, आणि पीपीपीडी तो आपणहून हिसकावून घेत नसे. तो जुना मार्ग काढून पुन्हा डायल केलं की पानं उघडू लागत.

डायल-अप गेलं, पीपीपी राहिलं. तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘पीपीपीओई’ (इथरनेटवरचं पीपीपी) आणि त्याखाली नाव-पासवर्डाचे रकाने असतील, तर हीच बोलणी तुमच्या घरी आजही चालतात. राउटरचा लॉग एकदा उघडून वाचा.