सावली निळी का? मोनेच्या ‘मॅगपाय’कडे बघताना

आईला मी मधूनमधून व्हॉट्सॲपवर चित्रं पाठवते. गेल्या आठवड्यात क्लोद मोनेचं ‘मॅगपाय’ पाठवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं: “छान आहे गं. पण बर्फाला नीळ जास्त झाल्यासारखी का दिसतेय?”

प्रश्न अगदी नेमका आहे. माझ्या पीएचडीचा विषयही त्याच्या शेजारचाच: प्रकाश बदलला तरी वस्तूचा रंग आपल्याला तोच कसा काय दिसतो? म्हणून आईला फोनवर जे सांगितलं, ते जरा नीट मांडून इथे लिहितेय.

आधी चित्र बघू. १८६८-६९ च्या हिवाळ्यात, फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर एत्रता गावाजवळ मोनेने ते काढलं. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. आज ते पॅरिसच्या म्युझे दॉर्से या संग्रहालयात आहे. चित्रात घडत काहीच नाही. बर्फाने झाकलेली जमीन, काटक्यांचं कुंपण, डावीकडे एक लाकडी फाटक आणि त्यावर बसलेला एकटा मॅगपाय. हा पक्षी रंगाने आपल्या दयाळासारखा काळा-पांढरा, पण कावळ्याच्या कुळातला. ऊन कुंपणाच्या पलीकडून येतंय, त्यामुळे कुंपणाची सावली आपल्या दिशेने पडलीये. आणि ती काळी किंवा राखाडी नाही, चक्क निळी-जांभळट आहे. १८६९ साली पॅरिसच्या सलोन या अधिकृत प्रदर्शनाने हे चित्र नाकारलं.

आता मुद्द्याकडे येऊ. सावली म्हणजे प्रकाश नसणं, असं आपण धरून चालतो. बंद खोलीत एकच दिवा असेल तर ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण उघड्यावर दिवे दोन असतात. एक सूर्य आणि दुसरं आकाश! हवेतले रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात. तरंगलांबी कमी तितकं विखुरणं जास्त, आणि हा फरक चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा चौपटीहून जास्त विखुरतो. म्हणून आकाश निळं दिसतं, हे आपण शाळेत शिकतो. त्याचा पुढचा भाग मात्र सहसा राहून जातो: हे निळं आकाश खालच्या प्रत्येक वस्तूवर प्रकाशही टाकत असतं. कुंपणाने सूर्य अडवला, पण आकाश अडवलं नाही. त्यामुळे कुंपणामागच्या बर्फावर बहुतांश आकाशाचाच निळा प्रकाश पडतो. बर्फ पांढरा, म्हणजे जो प्रकाश येईल तो जवळजवळ जसाच्या तसा परत पाठवणारा. थोडक्यात, निरभ्र दिवशी बर्फावरची सावली खरोखरच निळी असते.

मग आपल्याला ती तशी का दिसत नाही? कारण मेंदू हिशेब करतो. ‘इथे सावली आहे, म्हणजे प्रकाश निळसर असणार’ असं धरून तो तेवढा निळा वजा करून टाकतो आणि आपल्याला पांढरा बर्फ दाखवतो. याला कलर कॉन्स्टन्सी म्हणतात. मराठीत रंगस्थैर्य म्हणू. हे फार कामाचं आहे. नाहीतर झाडाखाली गेल्याबरोबर पांढरा शर्ट वेगळाच वाटला असता.

२०१५ साली व्हायरल झालेला ड्रेसचा फोटो आठवतोय का? काहींना तो निळा-काळा दिसत होता, तर काहींना पांढरा-सोनेरी. त्यावरून घराघरांत भांडणं झाली. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या पास्कल वॉलिश यांनी हजारो लोकांना विचारून २०१७ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रेस सावलीत आहे असं ज्यांनी गृहीत धरलं, त्यांना तो पांढरा-सोनेरी दिसण्याची शक्यता जास्त होती. कारण त्यांच्या मेंदूने सावलीचा निळा वजा केला होता. ड्रेस प्रत्यक्षात निळा-काळाच होता. म्हणजे मोनेच्या कुंपणामागची सावली आणि तो ड्रेस, दोन्हींमागे गणित एकच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मोनेचा डोळाच वेगळा होता, किंवा त्याला मोतीबिंदू होता म्हणून असे रंग आले, असं बरेचदा ऐकू येतं. त्याच्या मोतीबिंदूचं निदान झालं १९१२ मध्ये, म्हणजे या चित्रानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी. शिवाय मोतीबिंदूमुळे जग पिवळट-तपकिरी दिसायला लागतं, निळं नाही. त्याचा मेंदूही तुमच्या-माझ्यासारखाच वजाबाकी करत होता. ती बंद करायचं बटण कुणाकडेच नसतं. माझ्या मते त्याने केलं ते एवढंच: जागेवर उभं राहून तुलना केली. हा तुकडा शेजारच्या तुकड्यापेक्षा किती निळा, किती पिवळा? त्या काळातल्या एका वार्ताहराने बर्फात चित्र काढणाऱ्या मोनेचं वर्णन केलंय: अंगात तीन ओव्हरकोट, हातात मोजे, जवळ छोटी शेगडी. ही कष्टाची गोष्ट आहे, जादूची नाही.

अजून एक अडचण होती. निरभ्र दिवशी ऊन आणि सावली यांच्या उजेडात सहज पाच ते दहा पट फरक असतो. रंगाच्या ट्यूबमधला पांढरा काही उन्हासारखा चमकत नाही, त्यामुळे हा फरक पूर्ण दाखवायचा तर सावली खूप गडद करावी लागते. मग बर्फ मळकट दिसतो. मोनेने सावली उजळ ठेवली आणि फरक रंगछटेतून दाखवला. उन्हातला बर्फ किंचित पिवळट-गुलाबी, सावलीतला निळा. नीट पाहिलंत तर या चित्रात शुद्ध पांढरा फारच थोडा आहे. तरीही आपण ‘पांढराशुभ्र बर्फ’च म्हणतो, कारण उरलेलं काम आपला मेंदू करतो.

करून बघायचं असेल तर आकाश निरभ्र असताना गच्चीवर जा. पांढरा कागद अर्धा उन्हात, अर्धा सावलीत ठेवा. रंगीत भिंतीपासून लांब, कारण तिचाही रंग कागदावर येतो. फोटो काढा आणि झूम करून दोन्ही भाग शेजारी-शेजारी बघा.

आईने कागदाऐवजी दोरीवर वाळत घातलेल्या चादरीचा फोटो काढून पाठवला. खाली लिहिलं होतं: “नीळ घातली नव्हती गं. तरी सावलीतला भाग निळाच आलाय.”