मालक, आवाज वाढवा!

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत खेळ एकट्यानं बघायची रीत फार उशिरा आली. त्याआधी कितीतरी वर्षं खेळ बघायला माणसं घराबाहेर पडायची आणि ठरलेल्या जागी जमायची. अमेरिकेतल्या कॉलेजगावांत सामन्याच्या दिवशी विद्यार्थ्यांनी भरून जाणारे पब असतात. पुण्यातही आता मोठ्या पडद्यासमोर बसून मॅच बघण्याची ठिकाणं झाली आहेत. आमच्याकडे हे काम चहाच्या हॉटेलांनी केलं, स्टँडजवळच्या रसवंत्यांनी केलं, सलूनवाल्यांनी आणि पानटपऱ्यांनी केलं. तालुक्याचा इतिहास लिहिणारे नीरा डाव्या कालव्याबद्दल लिहितात, साखर कारखान्यांबद्दल लिहितात, शिक्षणसंस्थांबद्दल लिहितात. या जागांबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. दोन-तीन पिढ्यांतल्या कॉलेजच्या पोरांना ओरडायला, भांडायला आणि मित्राच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला ज्यांनी जागा दिली, त्यांची नोंद राहायला हवी असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात फडापासून करावी लागते. गावोगावच्या यात्रेत दुपारनंतर कुस्त्या लागायच्या, अजूनही लागतात. हलगी घुमायला लागली की माणसं मैदानाकडे सरकायची. आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग चढत्या इनामाच्या, आणि दिवस मावळतीला शेवटची मोठी कुस्ती. प्रेक्षक गोल बसलेले, मागचे उभे, त्यामागचे बैलगाडीवर नाहीतर झाडावर. या गर्दीला खेळ कळायचा. कोण उगाच वेळ काढतोय, कुणी जोड चुकीची लावली, पंचाचं कुठं चुकलं, हे शंभर तोंडांनी एकदम सांगितलं जायचं. या भागाला गोल करून उभं राहायची सवय आणखी एका कारणानं आहे. तुकाराम महाराजांच्या पालखीचं पहिलं गोल रिंगण इंदापूर तालुक्यातल्या बेलवाडीत होतं, त्याआधी काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं. अश्व धावायला लागला की हजारो माणसं आपसूक मागं सरून त्याला वाट करून देतात. फडातला प्रेक्षक आणि रिंगणातला वारकरी पुष्कळदा एकच माणूस असतो, आणि मधली जागा मोकळी ठेवायची शिस्त तो दोन्हीकडे पाळतो.

मामासाहेब मोहोळांच्या पुढाकारानं 1953 साली राज्य कुस्तीगीर परिषद झाली, 1961 पासून महाराष्ट्र केसरीचा किताब सुरू झाला. त्याच सुमाराला, 1962 साली, बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय उभं राहिलं. बागायती गावांतली आणि त्याहून जास्त जिरायती गावांतली पोरं एसटीनं शहरात येऊ लागली. त्यांतली बरीच आपापल्या घरातली कॉलेजात जाणारी पहिली. पोरं येताना गावाकडचा फड बरोबर घेऊन आली, म्हणजे खेळ बघायचा तर चारचौघांत बघायचा ही समज. कॉलेज आणि खेळ यांचं नातं दक्षिण महाराष्ट्रात किती खोल आहे ते सांगायला एकच उदाहरण पुरे. खाशाबा जाधवांना 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. आपल्या पोराच्या मागं उभं राहणं कशाला म्हणतात, ते त्या घटनेत आहे.

साठ-सत्तरच्या दशकांत गर्दीच्या मधोमध रेडिओ आला. मुंबईत कसोटी असली की आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन लागायचं. पंडित स्वतः रणजी खेळलेले, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात मैदानाची माती होती. ज्यानं आयुष्यात चामड्याचा चेंडू हातात धरला नव्हता, त्यालाही त्यांच्या मराठीतून क्षेत्ररक्षण डोळ्यांसमोर दिसायचं. रेडिओ हॉटेलमालकाच्या गल्ल्याशेजारी, फळीवर, कापडी खोळीत ठेवलेला असायचा. आवाज सगळ्यांपर्यंत पोचायचा नाही. पुढचा मागच्याला सांगायचा, मागचा रस्त्यावरच्याला सांगायचा. सायकलवरून जाणारा एक पाय टेकून विचारायचा, ‘किती झाले?’ आणि ‘गावसकर आहे’ एवढं उत्तर ऐकून निश्चिंत पुढं जायचा. 1971 मध्ये अजित वाडेकरांच्या संघानं आधी वेस्ट इंडीज आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकली, गावसकरनं वेस्ट इंडीजमधल्या चार कसोट्यांत 774 धावा काढल्या. पाठोपाठ 1972 चा दुष्काळ आला. जिरायती गावांत प्यायला पाणी नव्हतं, माणसं रोजगार हमीच्या आणि तलावांच्या कामांवर होती. त्या वर्षांत शिकलेल्या पिढीच्या आठवणींत हा विजय आणि हा दुष्काळ अगदी लगटून आहेत. फी कशी भरायची या काळजीत असलेला पोरगाही स्कोअर विचारायला थांबायचा.

पुण्याला दूरदर्शनचं सहक्षेपण 1973 पासून सुरू झालं. सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे तोंड करून उंच बांबूवर अँटेना बांधायचे, आणि इतकं करूनही बारामतीपर्यंत येणाऱ्या चित्रात मुंग्याच जास्त असायच्या. एक जण पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा, खालचे ‘आलं, आलं... गेलं’ म्हणून ओरडायचे. 25 जून 1983 ला लॉर्ड्सवर आपण 183 धावांत आटोपलो तेव्हा बऱ्याच ठिकाणी माणसं उठून घरी गेली. जी बसून राहिली त्यांनी वेस्ट इंडीजला 140 वर बाद होताना पाहिलं. कपिलनं त्याआधी झिंबाब्वेविरुद्ध काढलेल्या नाबाद 175 धावांचं तर चित्रीकरणच झालं नव्हतं. ती खेळी या भागात तोंडातोंडी पसरली, रेडिओच्या काळातल्यासारखीच, आणि सांगणाऱ्यागणिक एखादा षटकार वाढत गेला.

यानंतरची वीस-पंचवीस वर्षं म्हणजे चहाच्या हॉटेलांचा सुवर्णकाळ. बारामतीत भिगवण चौक, गुनवडी चौक, तीन हत्ती चौक, इंदापुरात स्टँडचा परिसर आणि जुना सोलापूर रस्ता. यांच्या आसपास मॅचच्या दिवशी कुठं बसायचं ते प्रत्येक टोळक्याचं ठरलेलं असे. हॉटेल तसं साधंच. कडाप्प्याची टेबलं, बाकडी, भिंतीवर देवांचे फोटो, त्यांच्या खाली लोखंडी घोडीवर टीव्ही. हॉस्टेलची पोरं एका अर्ध्या चहावर पहिला डाव काढायची, दुसऱ्या अर्ध्यावर दुसरा. धंद्याच्या हिशेबानं हे गिऱ्हाईक बुडवणारंच. तरी मालक उठवत नसे. उलट भज्यांचा घाणा टाकताना त्याची मान टीव्हीकडेच असायची. त्याला कुणी अण्णा म्हणायचं, कुणी मामा, पण मॅच रंगात आली की सगळ्यांच्या तोंडी एकच मागणी, ‘मालक, आवाज वाढवा!’

या जागा टिकल्या त्या मालकाच्या स्वभावावर, असं माझं ठाम मत आहे. टीव्ही पुढं घरोघरी आला, मोठा झाला, रंगीत झाला. तरी पोरं हॉटेलातच येत राहिली, कारण तिथं त्यांना कुणीतरी बसू देत होतं. परीक्षेत नापास झालेला, नोकरीच्या जाहिराती चाळून थकलेला, ऊस गाळपाला गेला तरी पैसे हातात न आलेल्या घरातला, अशा पोराला चार तास कुणाच्याही प्रश्नाला तोंड न देता बसायला शहरात दुसरी जागाच नव्हती. जोडी जमली की कुणी जागचं हलायचं नाही हा तिथला कडक कायदा. एखादा लघवीला म्हणून उठला आणि नेमका सचिन बाद झाला तर त्याला महिनाभर ऐकून घ्यावं लागे.

भारनियमनाच्या वर्षांत या मंडळींची खरी कसोटी लागली. ऐन शेवटच्या दहा षटकांत वीज जायची. मग कुणीतरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचं, छोटा काळा-पांढरा टीव्ही तिला जोडायचा आणि रस्त्यावरच फड भरायचा. गळिताचा हंगाम असेल तर उसाच्या गाड्या बाजूला थांबायच्या, गाडीवान जू न सोडताच वाकून बघायचे. बीडकडून आलेल्या त्या तोडणी कामगारांना त्या अर्ध्या तासात कुणी परकं म्हटल्याचं ऐकिवात नाही.

क्रिकेटबद्दल एवढं लिहिलं, पण पोरांचा स्वतःचा खेळ क्रिकेट नव्हता. तो होता कबड्डी. पुणे विद्यापीठाच्या स्पर्धांत आधी विभाग जिंकायचा असतो. पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर, नाशिक असे ते विभाग. जिल्हा विभागात बारामती, इंदापूर, सोमेश्वरनगरचं काकडे महाविद्यालय अशी शेजारची कॉलेजं एकमेकांसमोर यायची. एका कॉलेजचा चढाईवाला आणि दुसऱ्याचा कोपरारक्षक मावसभाऊ निघायचे. मातीचं मैदान, फक्कीच्या रेषा, आणि रेषेला खेटून उभे असलेले पाठीराखे. जिंकलेला संघ त्याच हॉटेलात यायचा, त्या दिवशी मिसळीचे पैसे मालक घ्यायचा नाही. पण मिसळ खाताना समोरच्या टीव्हीवर असायचं क्रिकेटच. आपण जो खेळ खेळतो तो कधी त्या पेटीत दिसेल, असं कुणाच्या मनातही येत नसे. 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पहिल्यांदा पदकाचा मान मिळाला, आपण सुवर्ण जिंकलं, पण ते वर्तमानपत्रात वाचायचं. म्हणून 26 जुलै 2014 हा दिवस मला 1983 इतकाच मोठा वाटतो. त्या दिवशी प्रो कबड्डी सुरू झाली आणि हॉटेलातल्या टीव्हीवर गुडघ्याला पट्टी बांधलेली, आपल्यासारखीच दिसणारी पोरं चढाईला जाताना दिसली. बघणाऱ्यांना समालोचकाची गरज नव्हती. साखळी कुठं तुटली, बोनस का नाकारला, हे इथल्या माणसाला पडद्यावर परत दाखवायच्या आधी कळत होतं. 1 मार्च 2024 ला अस्लम इनामदारच्या पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून विजेतेपद मिळवलं. कर्णधार नगर जिल्ह्यातला, म्हणजे विद्यापीठाच्या नकाशात शेजारच्याच विभागातला.

सत्तेचा आणि खेळाचा इथला संबंध टाळून हा मागोवा पुरा होणार नाही. शरद पवार 2005 ते 2008 भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते, नंतर आंतरराष्ट्रीय परिषदेचे. 2 एप्रिल 2011 च्या रात्री वानखेडेवर धोनीच्या हातात विश्वचषक देणारा माणूस बारामतीचा होता. त्याच्या राजकारणाबद्दल या दोन तालुक्यांत टोकाची मतं आहेत, आणि इंदापूरकरांची तर फार जुनी. तरी त्या क्षणी टीव्हीसमोर जो जल्लोष झाला त्यात पक्ष नव्हता. पण मला त्यापेक्षा मोठी गोष्ट वाटते ती फेब्रुवारी 2020 ची. बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर रणजी करंडकाचा सामना झाला, महाराष्ट्र विरुद्ध उत्तराखंड. देवधरांच्या नेतृत्वाखाली 1939-40 आणि 1940-41 ला करंडक जिंकलेल्या, भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद 443 धावा पाहिलेल्या महाराष्ट्राचा संघ तालुक्याच्या गावी आला. ज्यांनी चाळीस वर्षं फळीवरच्या पेटीतून क्रिकेट ऐकलं-पाहिलं, त्यांनी बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज कानांनी ऐकला. रणजीला तिकडे शहरांत रिकामी आसनं असतात. इथं लोक डबा घेऊन आले होते असं सांगतात, आणि मला ते अगदी खरं वाटतं. भीमेपलीकडे, माढा तालुक्यात मूळ गाव असलेल्या केदार जाधवनं 2013-14 च्या हंगामात 1223 धावा काढून महाराष्ट्राला अंतिम सामन्यापर्यंत नेलं होतं. रणजी म्हणजे काय, हे या भागाला तेव्हापासून नीट माहीत होतं.

आता एक गोष्ट खंतावून लिहितो. या सगळ्या जागा पुरुषांच्या होत्या. कॉलेजात मुली होत्या, शारदानगरला तर मुलींचं स्वतंत्र महाविद्यालय आहे, विद्यापीठाच्या संघांत इथल्या मुली खेळत आल्या. पण हॉटेलातल्या बाकड्यावर बसून मॅच बघणारी मुलगी दिसली नाही. तिला कुणी हाकललं नसेल. तिच्यासाठी जागाच धरली नव्हती. कबड्डी खेळून आलेली मुलगी थेट एसटी गाठायची, मिसळ पोरांच्याच वाट्याला. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, दीप्ती शर्मानं पाच बळी घेतले, सांगलीची स्मृती संघात होती. तो सामना गावोगावच्या मुलींनी पाहिला, पण घरात, नाहीतर वसतिगृहाच्या खोलीत, चौघी मिळून एका मोबाइलवर. उघड्या जागेत, मोठ्या पडद्यासमोर, घसा फुटेस्तोवर ओरडण्याचा त्यांचा हक्क आहे.

आणि मोबाइलनं पोरांनाही घरी पाठवलंच आहे. आज कुस्तीचं मैदानसुद्धा थेट प्रक्षेपणात बसल्या जागी दिसतं, निवेदकाचा आवाज खणखणीत ऐकू येतो. कित्येक हॉटेलांनी टीव्ही काढून तिथं पार्सलचा कट्टा केला आहे. गिऱ्हाईक लवकर उठलं तर गल्ला वाढतो, त्यात मालकाला दोष देता येणार नाही; जागेचं भाडं तो भरतो. पण दोन्ही तालुक्यांत आता महाविद्यालयं भरपूर आहेत, मैदानं आहेत, सभागृहं आहेत, पडदे आहेत. अंतिम सामन्याच्या संध्याकाळी एखादं मैदान उघडं ठेवलं, पडदा लावला, मुलींसाठी पुढच्या रांगा धरल्या आणि कोपऱ्यात एखाद्या अण्णाला चहाची गाडी लावू दिली, तर खर्च फारसा नाही. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीच्या सामन्यांनाही तेवढीच गर्दी बोलवावी. कॉलेजांच्या क्रीडा संचालकांनी हे मनावर घ्यावं, अगदी याच हंगामापासून.