मोताळ्याच्या पदरी काय?

वऱ्हाडचे बालाघाट आणि पायनघाट असे दोन भाग मानण्याची रीत जुनी आहे. बुलढाण्याहून राजूर घाट उतरला की पायनघाट सुरू होतो आणि डोंगराच्या पायथ्याशी मोताळा हे तालुक्याचे गाव लागते. अशा गावाला इतिहास तो कसला, असे कोणी विचारील. परंतु याच तालुक्यातील रोहिणखेड येथे १४३७ साली बहामनी सरदार खलफ हसन बसरी याने खानदेशच्या नासिरखानाचा पराभव केला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या गादीचा निकालही तेथल्याच रणांगणावर लागला. खुदावंदखानाने १५८२ साली बांधविलेली मशीद तेथे आजही उभी आहे. ही कीर्ती गावाच्या संपत्तीमुळे लाभलेली नव्हे. दख्खनमधून बऱ्हाणपूरकडे जाणारी वाट तेथे डोंगर उतरत होती, एवढेच. वाटेवरच्या गावाला लढाई मिळते, पेठ मिळतेच असे नाही.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती आले. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचलेल्या लोहमार्गावर स्थानक आले ते मलकापूरला. मोताळ्याच्या काळ्या रानातला कापूस बैलगाड्यांतून तिकडे जाऊ लागला आणि जिनिंगचे कारखाने, अडत्ये, उधारीचे व्यवहार हे सारे रुळांच्या कडेलाच एकवटले.

या व्यवहाराची खरी मेख सरकीत आहे. कापूस विकला की रुईबरोबर सरकीही जाते. तेल आणि पेंड तयार होतात ती दुसरीकडे, आणि तीच पेंड शेतकरी आपल्या बैलांसाठी रोख पैसे मोजून परत आणतो! पूर्वी निदान बियाणे तरी घरच्या सरकीचे असे. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि दर मृगाला बियाण्याची थैली विकत घेणे आले. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने त्या थैलीतील आश्वासनही पोकळ ठरविले. मका आणि सोयाबीन यांनी कापसाचे बरेच रान व्यापले खरे. पण त्यांची पोतीही प्रक्रियेसाठी बाहेरच जातात.

आता पाण्याची आशा दाखविली जात आहे. नळगंगेवरील धरण मोताळा तालुक्यातच आहे. गोसीखुर्दहून वैनगंगेचे पाणी सुमारे ४२६ किलोमीटर वाहून या नळगंगेपर्यंत आणण्याच्या प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली; अंदाजित खर्च ८७ हजार कोटी रुपयांहून अधिक. कालव्याच्या शेवटच्या शेतापर्यंत किती पाणी पोहोचते, हे पाटबंधारे खात्यातील कोणताही कारकून जाणतो. येथे तर सबंध तालुकाच शेवटच्या टोकाला आहे. शिवाय पाणी आले आणि ओलिताचे पीक वाढले, तरी जिनिंग, तेलघाणी आणि गोदाम तालुक्यात नसेल तर जादा क्विंटल जातील ते त्याच रस्त्याने. कोणत्या गावाला किती पाणी आणि त्या पाण्यावरील कोणत्या पिकाची प्रक्रिया तालुक्यात, हे दोन आकडे तालुक्यातील बाजार समितीने आणि पंचायत समितीने कालव्याची आखणी होत असतानाच मागून घ्यावयास हवेत.