सॉफ्टवेअरचा व्यवसाय : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चेन्नईच्या उत्तर टोकास, कोसस्थलैयार नदी जेथे समुद्रास मिळते त्या एन्नोरमध्ये, अशोक लेलँडचा कारखाना, कामराजर बंदर आणि खाडीतील कोळ्यांच्या होड्या यांच्या सान्निध्यात वाढणाऱ्या विद्यार्थ्यास सॉफ्टवेअर हा शहराच्या दक्षिणेस तरमणी-सिरुसेरीकडील काचेच्या इमारतींचाच प्रांत वाटावा, हे स्वाभाविक असले तरी सत्य नव्हे.

नामांकित महाविद्यालयाची अभियांत्रिकी पदवी हीच या व्यवसायाची एकमेव सनद, हा सर्वांत रूढ समज. वस्तुतः तमिळनाडूत त्या पदवीसाठीही आपल्या सीईटीसारखी प्रवेशपरीक्षा नाही. बारावीच्या गणिताचे 100 आणि भौतिक व रसायनशास्त्राचे प्रत्येकी 50, अशा 200 गुणांच्या हिशेबावर प्रवेश मिळतो, आणि 2021 पासून सरकारी शाळांतील मुलांसाठी साडेसात टक्के जागा राखीव आहेत. पदवीवाचूनही वाट आहे : चेन्नईचीच झोहो कंपनी आपल्या प्रशिक्षणशाळेत बारावी वा पदविका झालेल्यांना विनाशुल्क, किंबहुना विद्यावेतन देऊन शिकवते. आयआयटी मद्रासने 2020 मध्ये आरंभिलेल्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन पदवीस जेईईही लागत नाही. चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रतापरीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. मात्र प्रवेश सुलभ म्हणून अभ्यासक्रमही सुलभ, असे कोणी मानू नये; तेथील परीक्षा केंद्रावर समक्ष बसूनच द्याव्या लागतात, आणि हे न सांगता ही वाट दाखवणारा विद्यार्थ्याची फसवणूक करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रोग्रॅमिंगची एखादी भाषा अवगत झाली की विद्या पुरी झाली, हा समज मला त्याहून घातक वाटतो. समजा, एन्नोरच्या एखाद्या मुलीने वडिलांच्या यांत्रिक नौकेच्या हिशेबासाठी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला : महिन्याची एकूण मासळी भागिले समुद्रातील फेऱ्या, म्हणजे दर फेरीची सरासरी. मार्चपर्यंत तो निर्वेध चालतो आणि मे महिन्यात बंद पडतो. कारण पूर्व किनाऱ्यावर अशा नौकांना 15 एप्रिलपासून 14 जूनपर्यंत मासेमारीची मनाई असल्याने फेऱ्या शून्य, आणि शून्याने भागणे संगणकास अमान्य. आता त्या महिन्यापुढे काय लिहावे? शून्य लिहिल्यास बारा महिन्यांची सरासरी अकारण खाली येते. म्हणून 'बंदी' असा निराळा शेरा ठेवून तो महिना गणनेतून वगळावा लागतो. हा निर्णय पायथन देत नाही. तो दर्याचा व्यवहार जाणणाऱ्यासच सुचतो, आणि सॉफ्टवेअरच्या कामाचा मोठा भाग अशाच निर्णयांचा असतो.

इंग्रजी माध्यमाची शाळा हवीच, हा समजही खरा नव्हे; मात्र इंग्रजी वाचता आलेच पाहिजे, कारण शून्याने भागण्याच्या वरील चुकीचा इशाराही संगणक 'झिरोडिव्हिजनएरर' असा देतो.

'बंदी'च्या शेऱ्यासारख्या प्रोग्रॅममधील दुरुस्त्यांचे दप्तर ठेवण्याची तजवीज लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये निर्माण केलेल्या 'गिट' या सॉफ्टवेअरमध्ये आहे : प्रत्येक फेरफार, त्याची तारीख आणि लिहिणाऱ्याने दिलेले कारण त्यात राहते, आणि नोकरीच्या मुलाखतीत ते सारे दप्तर परीक्षकापुढे उघडून ठेवता येते.